ओळंबा आणि पाठीचा कणा : उतारवयातील वक्रतेविषयी एक अभ्यास

आपल्या विद्यालयातील माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची सांगता राष्ट्रगीताने होते. त्याचा अवधी सुमारे ५२ सेकंदांचा. गेल्या काही वर्षांपासून या ५२ सेकंदांत आमचे लक्ष मंडपाच्या मागील रांगांकडे जाते. तेथे विद्यार्थ्यांच्या आया उभ्या असतात. कोणी समोरच्या खुर्चीची पाठ धरलेली असते, कोणी दोन्ही हात मांड्यांवर टेकविलेले असतात, तर कोणी एका कुशीस कललेली असते. निंदण, सोंगणी आणि कापूसवेचणीच्या मजुरीतून ज्या पिढीने मुलांना वसतिगृहात ठेवले, त्या पिढीस आज मिनिटभर सरळ उभे राहणे कठीण झाले आहे. मुलांना विचारावे तर उत्तर ठरलेले असते, "सर, वय झालं आता आईचं."

संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासविषयक लेख मागितला होता. आम्ही वैद्यकशास्त्राचे अभ्यासक नव्हे, हे प्रथमच नमूद करतो. तथापि आमच्या मातोश्रींच्या आजारपणाच्या निमित्ताने या विषयाचे जे वाचन घडले आणि तज्ज्ञांकडून जे समजून घेता आले, ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटले. "वय झालं" या दोन शब्दांत जे झाकले जाते, त्यातील बराच भाग उपायांच्या आवाक्यातील आहे.

गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो, हे अमडापुरातील प्रत्येक मुलाने पाहिलेले आहे. दोरीच्या टोकाशी वजन असते, आणि भिंत दोरीस समांतर असली की ती स्वतःचा भार स्वतः पेलते. मनुष्याच्या शरीरासही असाच ओळंबा लावता येतो. मानेच्या सातव्या मणक्यापासून, म्हणजे मान खाली घातली असता जो सर्वांत ठळकपणे हातास लागतो तेथून, कल्पनेने दोरी सोडावी. निरोगी माणूस सहज उभा असताना बाजूने घेतलेल्या एक्स-रेमध्ये ही दोरी कमरेखालच्या त्रिकास्थीच्या वरच्या कडेजवळ येते. ती ५ सेंटिमीटरहून अधिक पुढे पडू लागली की शरीराचा तोल पुढे गेला, असे तज्ज्ञ मानतात.

कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके असतात. पुढून पाहिल्यास कणा सरळ दिसला पाहिजे. बाजूने पाहिल्यास मात्र तो सरळ नसतो, व नसावाही. मानेत तो आत वळतो, पाठीत बाहेर येतो, कमरेत पुन्हा आत वळतो. कमरेतील ही आतील खोली आहे म्हणून छाती व डोके नितंबांवर तोलले जाते. दोन मणक्यांमध्ये असणाऱ्या चकतीस बोलीभाषेत आपण गादी म्हणतो. वयपरत्वे गादीतील पाणी कमी होते व ती चेपते. ती दोन्ही बाजूंनी सारखी चेपली तर उंची थोडी घटते, एवढेच. परंतु ती एका बाजूस अधिक चेपली, त्याच बाजूचे मागील सांधे झिजले, तर वरचा मणका तिरपा बसतो आणि स्वतःभोवती किंचित पिळतो. तिरप्या मणक्यामुळे त्या बाजूवर आणखी भार येतो, भारामुळे झीज वाढते. असे चक्र एकदा सुरू झाले की कमरेचा कणा हळूहळू बाजूस वळतो. पन्नाशीनंतर झिजेतून उद्भवणाऱ्या या विकारास डॉक्टर 'डीजनरेटिव्ह स्कोलिओसिस' म्हणतात. वळणाचा कोन मोजण्याची रीत अमेरिकन अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये सांगितली. हा कोन १० अंशांहून अधिक असला की त्यास स्कोलिओसिस म्हणावयाचे, असा संकेत आहे.

हा विकार विरळा नाही. साठीपलीकडील ७५ स्वयंसेवकांची तपासणी करून २००५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६८ टक्के व्यक्तींत अशी वक्रता आढळली, आणि हे लोक रुग्ण म्हणून आलेले नव्हते. म्हणजे वाकडा कणा घेऊन फारसा त्रास न होता वावरणारे लोक पुष्कळ आहेत. येथे इतिहासातील एक दाखला द्यावासा वाटतो. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर येथे वाहनतळाखाली सापडला. त्याच्या कण्याचे वळण ७० ते ९० अंशांचे असावे, असा अंदाज शास्त्रज्ञांनी वर्तविला. त्याची वक्रता झिजेमुळे आलेली नसून किशोरवयात सुरू झालेली होती, हा भेद ध्यानात ठेवावा. शेक्सपिअरने त्यास कुबडा व विद्रूप रंगविले. प्रत्यक्षात हाच राजा १४८५ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, रणांगणावर लढता लढता मारला गेला. बाजूचे वळण कितीही मोठे असले तरी ओळंबा फारसा ढळलेला नसेल आणि स्नायू बळकट असतील, तर माणूस घोड्यावरही बसतो.

मग पीडा कशाने होते? २००५ मध्येच अमेरिकन शल्यविशारद ग्लासमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कण्याची वक्रता असलेल्या प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेदना व परावलंबन यांचा संबंध बाजूच्या कोनापेक्षा पुढे गेलेल्या तोलाशी अधिक घट्ट आहे, असे त्यातून दिसले. फ्रेंच शल्यविशारद ज्याँ दुबूसे यांनी याकरिता उलट्या शंकूची उपमा योजली आहे. पाय एका जागी ठेवून उभा असलेला माणूस एका अरुंद शंकूत डोलत असतो. शंकूच्या मध्याजवळ असेपर्यंत उभे राहण्यास फारसे श्रम पडत नाहीत. कडेकडे गेला की प्रत्येक क्षणी स्नायूंना झटावे लागते. तोल पुढे गेलेली व्यक्ती प्रथम कटिभाग मागे फिरविते, मग गुडघे वाकविते. त्यामुळे मांड्या भरून येतात, गुडघे दुखतात. कित्येक आयांच्या गुडघ्यांवर वर्षानुवर्षे मलम चोळले जाते आणि पाठीकडे कोणी पाहतही नाही, ते यामुळेच.

पुढे झुकलेल्या वृद्ध देहाचे वर्णन पाली साहित्यात आढळते. संयुत्त निकायातील एका सुत्तात श्रावस्तीच्या पूर्वारामात तथागत सायंकाळी मावळतीच्या उन्हात पाठ शेकत बसलेले आहेत. आनंद त्यांचे अंग चोळीत आहे. त्वचेची कांती गेली, गात्रे शिथिल झाली, देह पुढे झुकला, असे तो आश्चर्याने म्हणतो, आणि तथागत त्यास दुजोरा देतात. मज्झिम निकायातील सेख सुत्तात तर कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात पाठ दुखू लागल्यामुळे ते पुढील उपदेश आनंदाकडे सोपवितात व संघाटीची घडी अंथरून उजव्या कुशीवर पहुडतात. पाठ दुखते हे सांगण्यात त्यांना संकोच वाटला नाही. आमच्या मातोश्रींनी मात्र अकरा वर्षे सांगितले नव्हते.

आता स्नायूंकडे वळू, कारण या लेखाचा गाभा तोच आहे. मंडपाचा उंच खांब नुसता जमिनीत रोवून उभा राहत नाही, त्यास दोर ताणून बांधावे लागतात. कण्याचे दोर म्हणजे पाठीचे स्नायू. त्यांत 'इरेक्टर स्पायनी' हा लांब स्नायुसमूह असून त्याच्या खाली, मणक्यांना लगटून, 'मल्टिफिडस' नावाचे आखूड व खोल स्नायू आहेत. शेजारशेजारचे मणके एकमेकांवर स्थिर ठेवणे हे यांचे मुख्य काम. एमआरआय चित्रात निरोगी स्नायू गडद दिसतो. दुर्बळ झालेल्या स्नायूत पांढऱ्या रेघा व ठिपके दिसू लागतात. ते मांस नव्हे, मेद होय. स्नायूचा आकार बाहेरून तेवढाच दिसला तरी आतील तंतू घटलेले असतात. डीजनरेटिव्ह स्कोलिओसिसच्या रुग्णांत कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू सारखे नसतात. मल्टिफिडसची झीज व मेदवृद्धी वळणाच्या आतील बाजूस अधिक असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. स्नायू दुर्बळ झाला म्हणून कणा वळला, की कणा वळला म्हणून स्नायू निकामी झाला, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. आमच्या मते रुग्णाच्या दृष्टीने या वादास फारसे महत्त्व नाही. झिजलेली गादी पूर्ववत होत नाही, तिरपा मणका आपोआप सरळ होत नाही. या संपूर्ण रचनेत सत्तरीतही श्रमाने सुधारतो, असा एकच घटक आहे, आणि तो स्नायू होय.

येथे एक शंका वाचकांच्या मनात येईल, आमच्याही आली होती. जिने चाळीस वर्षे शेतात काम केले तिची पाठ बळकट व्हावयास हवी, ती दुबळी कशी झाली? याचे उत्तर वाकण्याच्या रीतीत आहे. १९५० च्या दशकात फ्लॉइड व सिल्व्हर या इंग्रज संशोधकांनी पाठीच्या स्नायूंतील विद्युत्‌क्रिया मोजली. माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू जवळजवळ शांत होतात, असे त्यांना दिसले. त्या स्थितीत धड पेलले जाते ते अस्थिबंधांवर व गाद्यांवर. म्हणजे निंदताना तासन्‌तास कंबरेत वाकून असलेल्या बाईच्या स्नायूस व्यायाम घडत नाही, आणि गादीवर मात्र भार पडत राहतो. स्वीडनचे नाखेमसन यांनी गादीतील दाब प्रत्यक्ष मोजला होता. सरळ उभे असतानाचा दाब १०० मानला तर पुढे वाकल्यावर तो १५० आणि वाकून ओझे धरल्यास २२० च्या आसपास जातो. कमरेला कापसाची ओटी बांधून वाकणाऱ्या बाईस हे आकडे समजावून सांगण्याची गरज नाही.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. जपानमधील ताकेमित्सु व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उतारवयात कमरेची खोली नाहीशी होऊन धड पुढे झुकणाऱ्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घकाळ वाकून केलेल्या शेतीकामाशी या विकाराचा संबंध त्यांनी जोडला, आणि पाठीच्या स्नायूंची झीज हे त्याचे ठळक लक्षण म्हणून नोंदविले. पुढे कोरियातही असेच रुग्ण मोठ्या संख्येने दिसले. त्यांत वयस्क स्त्रिया अधिक होत्या. तेथील डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणा चार आहेत. चालता चालता धड पुढे झुकत जाते, वस्तू समोर धरून उचलता येत नाही, चढ चढणे जड जाते, आणि स्वयंपाकघरात काम करताना कोपर ओट्यावर टेकवावे लागल्याने कोपरास घट्टे पडतात. हे वाचले त्या रात्री आम्ही मातोश्रींचे कोपर पाहिले. दोन्ही कोपरांस घट्टे होते. बल्लाळदेवीच्या टेकडीकडील चढ त्यांनी कधीच सोडून दिला होता. आम्हांस वाटत होते, दम लागत असेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रात मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामाचे तास आठवड्यास ५४ वरून ४८ करणारे विधेयक १९४६ मध्ये आले. शेताच्या बांधापर्यंत मात्र असे घड्याळ आजही पोहोचलेले नाही. सोंगणी उधडी घेतली की तास कोण मोजतो?

आमच्या हातून घडलेली चूक येथे सांगणे आवश्यक आहे. मातोश्रींची कंबर धरली तेव्हा एका दवाखान्यात आम्हांस पूर्ण विश्रांतीचा सल्ला मिळाला. आम्ही तो भक्तिभावाने पाळला. तीन महिने त्यांना पलंगावरून उतरू दिले नाही, पाण्याचा तांब्याही हातात दिला, कमरेस पट्टा बांधला. सुनांनी सेवा केली, शेजाऱ्यांनी आमचे कौतुक केले. तीन महिन्यांनी त्या उठल्या तेव्हा वेदना थोडी कमी होती, परंतु आधाराशिवाय चार पावले टाकता येईनात. पन्नाशीनंतर दरवर्षी शरीरातील स्नायूंचा सुमारे एक टक्का भाग आपोआप घटतो. अंथरुणास खिळलेल्या वृद्धात तेवढी घट काही दिवसांतच होते. प्रेमापोटी आम्ही त्यांचे उरलेसुरले दोरही सैल केले.

पुढे एका फिजिओथेरपिस्टने आमची समजूत घातली. त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट करून घेतली. बिनहाताच्या खुर्चीवर बसावे, हात छातीशी घ्यावेत आणि पाच वेळा उठून बसावे. आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरविल्याप्रमाणे यास १२ सेकंद वा अधिक लागल्यास स्नायू दुर्बळ झाल्याची शंका घ्यावी. आमच्या मातोश्रींना पहिल्यांदा दोनदाच उठता आले. वाचकांनी घरी हे करून पाहावे, मात्र जवळ कोणीतरी उभे असावे. दुसरी सोपी तपासणी भिंतीची आहे. टाचा व नितंब भिंतीस लावून उभे राहिल्यावर डोक्याची मागील बाजू हनुवटी न उचलता भिंतीस टेकते काय, हे पाहावे. दर सहा महिन्यांनी ते अंतर मोजून लिहून ठेवल्यास तोल कोणत्या दिशेस जात आहे हे समजते.

व्यायामाचे प्रकार येथे तपशीलाने देत नाही, कारण सर्वांस एकच प्रकार मानवत नाही. उताणे निजून गुडघे वाकवून कंबर उचलणे, रांगण्याच्या स्थितीत एक हात व विरुद्ध पाय लांब करणे, भिंतीशी उभे राहून दोन्ही हात वर सरकविणे, खुर्चीवरून उठबस करणे, हे सर्वसाधारणपणे शिकविले जाते. परंतु काहींच्या कमरेत मज्जारज्जूपासून निघणाऱ्या नसांची वाट अरुंद झालेली असते. त्यांचे पाय चालताना भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर मोकळे होतात. असा माणूस सायकल दूरवर चालवितो, पण बाजारातून पायी परतताना तीनदा बसतो. त्यास मागे वाकण्याचे व्यायाम त्रासदायक ठरू शकतात. म्हणून आरंभ जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावा. व्यायामाने एक्स-रेमधील बाक सरळ होतो, असे सिद्ध झालेले नाही. वेदना कमी होणे, उभे राहण्याचा व चालण्याचा पल्ला वाढणे, एवढ्या अपेक्षेने तो करावा. पट्टा काही काळ आधार देतो, तो स्नायूचे काम शिकवीत नाही.

आहाराविषयी एक कटू सत्य आहे. आपल्या घरांतील वृद्ध स्त्री सर्वांचे झाल्यावर उरलेली भाकरी चटणीशी खाते, वर चहा घेते. वृद्धांना दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत, असे तज्ज्ञ सांगतात. ५० किलो वजनाच्या आईस ५० ते ६० ग्रॅम झाली. दोन अंड्यांत सुमारे १२ ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत ७–८ ग्रॅम मिळतात. हिशोब ज्याचा त्याने करावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

काही लक्षणे दिसताच घरगुती उपाय थांबवावेत. लघवी-शौचावरील ताबा जाणे, मांड्यांमधील भाग बधिर होणे, पाऊल लुळे पडणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रात्रीची वेदना, सायंकाळचा ताप व घटते वजन असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. आपल्या देशात हा रोग आजही आहे व औषधांनी बरा होतो. साध्या ठेच लागण्याने किंवा घागर उचलण्याने अचानक पाठीत कळ आली तर ठिसूळ हाडामुळे मणका चेपलेला असू शकतो.

शस्त्रक्रियेविषयी अनेक माजी विद्यार्थी आम्हांस फोन करून विचारतात. मणक्यांत स्क्रू व सळया बसवून अनेक मणके सांधण्याची ही शस्त्रक्रिया मोठी असते. वृद्धांत तिच्या गुंतागुंतीचे प्रमाण लक्षणीय असते आणि तिच्यासाठी पाठीचे स्नायू बाजूस सारावे लागतात. असह्य वेदना, नसांवरील वाढता दाब व ढळत जाणारा तोल असेल, तर ती आवश्यकही ठरते. निर्णयापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे आणि उभ्या स्थितीतील, मानेपासून खुब्यापर्यंतचा बाजूचा एक्स-रे काढला आहे काय हे विचारावे. निजलेल्या माणसाचा ओळंबा घेता येत नाही.

हे सारे मोठ्या शहरांतच शक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्यात शोधग्राम येथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने मुंबईचे डॉ. शेखर भोजराज यांच्या 'स्पाइन फाउंडेशन'च्या सहकार्याने खेड्यांतील पाठदुखीकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले आणि तेथेच तपासणी व उपचाराची सोय केली. राबणाऱ्या माणसांची पाठ हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी दाखविले. आपल्या भागास अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुलनेने जवळ आहे. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेले जे विद्यार्थी परिचारिका, औषधनिर्माते वा डॉक्टर झाले आहेत, त्यांनी पुढील मेळाव्यात सकाळच्या सत्रात खुर्चीची व भिंतीची तपासणी करावी, असे आम्ही सुचवितो. त्यास यंत्र लागत नाही. एक घड्याळ, एक मोजपट्टी व टेकायला भिंत पुरे. ज्यांच्या घरी अजून शेती आहे त्यांनी लांब दांड्याची अवजारे घ्यावीत, आणि बाईस अर्ध्या तासाने एकदा उभे राहून पाठ मागे ताणू द्यावी. मुकादम ओरडला तरी.

आमच्या मातोश्रींचे व्यायाम सुरू होऊन दोन वर्षे झाली. त्या ओट्यावर कोपर न टेकवता भाकरी थापतात, मधूनच थांबतात. नव्या एक्स-रेमधील कोन जुन्याएवढाच आहे. मागील मेळाव्यात राष्ट्रगीताच्या वेळी त्यांनी समोरची खुर्ची एका हाताने धरली होती, दुसरा हात सरळ बाजूस होता.